घराजवळचं एक झाड वर्षभर कसं पाहायचं

झाड निवडताना पहिली कसोटी अंतराची. चप्पल पायात सरकवली की पाच मिनिटांत ज्याच्यापाशी पोचता येतं, किंवा स्टेशनला जाताना जे रोज वाटेत लागतंच, असं झाड घ्या. बोरिवलीच्या नॅशनल पार्कमधला एखादा जुना वड मनात भरलेला असेलही, पण तिथे वर्षात बावन्न वेळा जाणं होत नाही. सोसायटीच्या कुंपणाला टेकलेला, बुंध्याशी पेव्हर ब्लॉक बसवलेला सोनमोहर बावन्न वेळा पाहता येतो. निसर्गाशी ओळख माणसांसारखीच होते, त्याच ठिकाणी त्यालाच पुन्हा पुन्हा भेटून. त्यासाठी एक झाड, आठवड्याला पंधरा मिनिटं आणि एक वही पुरते.

दुसरी कसोटी दिसण्याची. एका ठरावीक जागी उभं राहून शेंडा दिसायला हवा, आणि बुंध्याला हात लागायला हवा. नारळ पहिल्या वर्षी नको. फुलं-फळं वर्षभर चालू असतात, ती सगळी डोक्यावर पन्नास फुटांवर असतात, आणि खाली उभं राहणं धोक्याचं. आसोपालवही पहिल्या खेपेला जरा अवघड, कारण त्याची फुलं पानांच्याच रंगाची असतात आणि नवखी नजर ती हटकून चुकवते. पानं गाळणारं झाड घेतलंत तर बदल ठळक दिसतात: पिंपळ, देशी बदाम, बहावा, तामण, गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष, काटेसावर, पांगारा. मुंबईच्या बहुतेक गल्ल्यांत यातलं एक तरी सापडतंच.

नाव पक्कं करणं

मोबाइलवरच्या ॲपला फोटो दाखवून मिळालेलं नाव हा फक्त अंदाज समजा. ॲप एका पानावरून बोलतं आणि इथेच चुका होतात. मुंबईत नेहमी गफलत होणाऱ्या जोड्या थोड्याच आहेत, त्या एकदा समजून घेतल्या की काम भागतं.

गुलमोहर आणि सोनमोहर यांची पानं लांबून सारखीच पिसासारखी दिसतात. फुलं नसतील तेव्हा शेंगा बघा. गुलमोहराची शेंग हातभर लांब, लाकडी, तलवारीसारखी. सोनमोहराची बोटभर, चपटी, तांब्याच्या रंगाची. सोनमोहराचे कोवळे कोंब आणि कळ्याही गंजासारख्या तपकिरी, मखमली असतात. पर्जन्यवृक्ष म्हणजे रस्ताभर छत्री धरणारा तो रेन ट्री. त्याची पर्णिका, म्हणजे पिसासारख्या पानातलं एकेक छोटं पान, नखाएवढी मोठी, तिरकी असते आणि संध्याकाळी मिटते. शिरीष त्याचा भाऊबंद, पण त्याच्या शेंगा कागदासारख्या, फिक्या पिवळ्या असतात आणि वाऱ्यावर खुळखुळतात. पिंपळाच्या पानाला लांब शेपूट असतं. भेंडीच्या झाडाचं पानही हृदयाच्या आकाराचं, पण शेपूट आखूड. शिवाय त्याची पिवळी फुलं कोमेजताना लालसर होतात. समुद्राजवळच्या वस्त्यांमध्ये भेंडी भरपूर आहे आणि अनेकजण तिला पिंपळ समजतात. सोसायटीच्या कडेला रांगेत उभा असलेला उंच, सडपातळ ‘अशोक’ हा खरं तर आसोपालव. खऱ्या सीता अशोकाला केशरी-लाल फुलांचे गेंद येतात. देशी बदामाचा सुक्या मेव्यातल्या बदामाशी काही संबंध नाही, तरी त्याच्या बियांतला गर खाता येतो, हे शाळकरी पोरांना चांगलं ठाऊक असतं.

तरीही खात्री होत नसेल तर पडलेलं एक पान देठासकट, एक शेंग आणि सालीचा फोटो घेऊन भायखळ्याच्या राणीच्या बागेत जा. तिथे अनेक झाडांवर नावाच्या पाट्या आहेत, त्यामुळे शेजारी उभं राहून ताडून पाहता येतं. बुधवारी बाग बंद असते.

वही आणि सामान

दोनशे पानी, टाके घातलेली वही घ्या. स्पायरलची पानं पावसाळ्यात सुटतात. लिहायला पेन्सिल. जेल पेनची शाई पहिल्याच सरीत पसरते आणि जुलैची सगळी नोंद निळा डाग होऊन बसते. शिंप्याची टेप, दहा पटींचं छोटं भिंग आणि वही मावेल अशी झिपची प्लास्टिक पिशवी. दुर्बीण असली तर उत्तम, पण तिच्यासाठी थांबू नका.

वहीची मांडणी आधीच ठरवा. दर आठवड्याला समोरासमोरची दोन पानं. डाव्या पानावर यंदाची नोंद, उजवं पान कोरं. ते का, ते शेवटी येईल. बावन्न आठवड्यांची एकशे चार पानं होतात. सुरुवातीची चार झाडाच्या माहितीला ठेवा, उरलेली चित्रांना.

पहिल्या दिवशीची मापं

जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे साधारण छातीच्या पातळीवर, बुंध्याचा घेर मोजा. शिंप्याची टेप दीडच मीटरची असते. बुंधा मोठा असेल तर सुतळी गुंडाळा, खूण करा आणि सुतळी मोजा. सुतळी सगळीकडून एकाच पातळीत आहे ना, हे झाडाला एक फेरी मारून बघा, कारण मागच्या बाजूला ती घसरली की घेर फुगतो. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास. घेर १५७ सेंटिमीटर आला तर बुंधा अर्धा मीटर जाड आहे. जमीन उताराची असेल तर चढाच्या बाजूने उंची धरा. छातीच्या पातळीलाच फांद्या फुटत असतील तर त्याखालचा सर्वांत बारीक भाग मोजा आणि किती उंचीवर मोजलात ते लिहून ठेवा. झाडावर खिळ्याची किंवा रंगाची खूण करू नका. ‘गेटच्या बाजूने, जमिनीपासून एवढं’ इतकं पुरेसं आहे. घेर वर्षातून एकदाच मोजायचा, तोही कोरड्या दिवसांत. पावसाळ्यात साल पाणी पिऊन फुगते आणि झाड वाढल्याचा भास होतो.

उंचीसाठी एक काठी लागते. हात समोर ताठ धरा. डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर, तेवढीच काठी मुठीच्या वर उभी धरा. मग मागे मागे सरका. मूठ बुंध्याच्या तळाशी आणि काठीचं टोक शेंड्याशी जुळलं की थांबा. तिथून बुंध्यापर्यंत जेवढे मीटर, तेवढी झाडाची उंची. मुंबईच्या गल्लीत वीस मीटर मागे सरकायला जागा असतेच असं नाही. मग शेजारची इमारत वापरा. एक मजला साधारण तीन मीटरचा धरून शेंडा कितव्या मजल्याला लागतो ते बघा. ‘चौथ्या मजल्याच्या गॅलरीच्या कठड्यापर्यंत’ ही नोंद आकड्यापेक्षा काही वाईट नाही; पुढच्या वर्षी ती लगेच ताडता येते.

याच पानावर बुंध्याभोवतीची अवस्था लिहा. उघडी माती किती, सिमेंट कुठपर्यंत, कोणत्या फांद्या छाटलेल्या, कुठे खिळे, केबल, दिव्यांच्या माळा, कुठे ढोली. नंतर झाड आजारी पडलं तर कारण बऱ्याचदा याच यादीत सापडतं.

आठवड्याची पंधरा मिनिटं

वार आणि वेळ ठरवून टाका. सकाळी सात ते आठ सगळ्यांत बरं. पक्षी हालचालीत असतात आणि रस्त्यावर गाड्या कमी. मुंबईत सूर्योदय जूनच्या तोंडाशी सहाच्या आसपास आणि जानेवारीअखेर सव्वासातच्या आसपास होतो, म्हणून हिवाळ्यात अर्धा तास उशिरा गेलात तरी चालेल. ज्यांना सकाळ जमत नाही त्यांनी संध्याकाळची वेळ धरावी, पण मग वर्षभर संध्याकाळच. वेळ बदलत राहिली तर पाखरं कमी झाली की आपणच उशिरा आलो, हे कळत नाही.

पहिली पाच मिनिटं काहीही लिहू नका. पंधरा-वीस पावलं लांब, ठरलेल्या जागी उभं राहा, मोबाइल खिशात. तुम्ही आलात म्हणून गप्प झालेली पाखरं एवढ्या वेळात पुन्हा कामाला लागतात. मग त्याच जागेवरून, झूम न करता, अख्ख्या झाडाचा एक फोटो. पुढची सात-आठ मिनिटं जवळ जाऊन शेंड्यापासून खाली या: कोवळी पानं, जून पानं, पिवळी पानं, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकलेली फळं. प्रत्येकापुढे ०, १ किंवा २ लिहा. काहीच नाही तर ०, झाडाच्या एक तृतीयांशापेक्षा कमी भागावर असेल तर १, त्याहून जास्त तर २. सीझनवॉच या भारतभर चालणाऱ्या उपक्रमातही ‘नाही, थोडं, भरपूर’ अशीच मोजणी असते. त्यामुळे पुढे वाटलं तर तुमची नोंद तिथेही देता येईल.

शून्यही लिहायचंच. कोरी जागा पाहून सहा महिन्यांनी कळत नाही की फुलं नव्हती की बघायची राहिली.

शेवटची दोन-तीन मिनिटं जमिनीला द्या. झाडूवाले येऊन गेलेले नसतील तर जमीन झाडापेक्षा जास्त सांगते. शेंड्याला लागलेली, खालून न दिसणारी फुलं पायाशी पडलेली असतात. अर्धवट चावलेली बदामाची फळं म्हणजे रात्री वटवाघळं येऊन गेली. काळ्या मिरीएवढ्या गोल लेंड्या दिसल्या तर मान वर करा, एखादी जाड अळी पानं संपवत असते. एकाच जागी पांढरी विष्ठा साचली असेल तर वर पाखराचा रात्रीचा मुक्काम आहे.

लिहिताना जे दिसलं ते लिहा, त्याचा अर्थ वेगळ्या ओळीत. ‘खूप पक्षी होते’ या नोंदीचा पुढे काही उपयोग होत नाही. ‘साळुंक्या ४, दोन शेंगांवर चोच मारत होत्या’ ही नोंद दहा वर्षांनीही कामाची. नाव माहीत नसेल तर ‘चिमणीएवढा, पोट पिवळं, शेपटी सतत वर-खाली’ असं वर्णन करा. नाव मागून सापडतं. एखादा आठवडा चुकला तर पान कोरं सोडा, आठवून भरू नका. आठवून भरलेल्या नोंदीत फुलं नेहमीच जास्त दिवस टिकतात.

पाखरांना जवळ आणायला दाणे टाकू नका. दाण्यांनी येतात ती कबुतरं आणि त्यांच्या मागोमाग उंदीर. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून बोलावणंही नको, विणीच्या दिवसांत तर अजिबात नको. आपल्या हद्दीत दुसरा आला समजून तो पिल्लांना टाकून त्याला हुसकवायला धावतो.

मुंबईच्या वर्षात काय कधी शोधायचं

नोंद कोणत्याही महिन्यात सुरू करा, पण खालच्या गोष्टी त्या त्या वेळी मुद्दाम बघा, कारण त्या पटकन उरकतात.

जानेवारी ते मार्च हा सगळ्यांत भरगच्च काळ. देशी बदामाची पानं लाल होऊन गळतात. काटेसावर निष्पर्ण होऊन मोठाल्या लाल फुलांनी भरते, तिच्या पाठोपाठ पांगारा. या दोघांखाली तुमची पंधरा मिनिटं अर्ध्या तासावर जाऊ द्या. सावरीचं फूल म्हणजे मधाची वाटी. कावळे, साळुंक्या, बुलबुल, पोपट, सूर्यपक्षी, खारी आणि हिवाळी पाहुण्या भोरड्यांचे थवे असे सगळे एकाच झाडावर येतात. कोण कोणाला हाकलतं, कोण फुलात डोकं घालतं, कोण पाकळीच तोडतं, याची निव्वळ मोजणी केली तरी दोन पानं भरतात. पिंपळ याच सुमारास पानं टाकून तांबूस पालवी धरतो. हे सगळं दोन-तीन आठवड्यांत आटपतं, म्हणून पिंपळवाल्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये आठवड्यातून दोनदा जावं. तांबट पक्ष्याचं ‘टुक टुक टुक’ तासन् तास चालू होतं. तो आपलं बीळ वाळक्या, मऊ पडलेल्या फांदीत खोदतो. भोक बहुधा फांदीच्या खालच्या अंगाला असतं.

वड, पिंपळ, उंबर पाहणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. एकाच रस्त्यावरचे दोन वड सहसा एकाच वेळी फळत नाहीत आणि त्याचं कारण फळाच्या आत आहे. वडाचं फळ म्हणजे आत मिटलेली फुलं. त्यांचं परागण करणारी, डासाहून लहान अशी गांधीलमाशीच्या कुळातली माशी फक्त त्याच जातीच्या झाडावर जगते आणि तिचं आयुष्य एक-दोन दिवसांचं. एका झाडावरून बाहेर पडली की तिला तेव्हाच योग्य अवस्थेत असलेलं दुसरं झाड हवं असतं. सगळे वड एकदम फळले असते तर तिला पुढचं घरच मिळालं नसतं. म्हणून तुमचा वड फळत नसेल तेव्हा शेजारच्या गल्लीतला बघा आणि दोघांच्या तारखा वेगवेगळ्या लिहा. फळं पिकली की तांबट, कोकीळ, बुलबुल दिवसा आणि वटवाघळं रात्री येतात. नशीब चांगलं असेल तर हिरवट-पिवळ्या हरियालांची टोळी दिसेल. हाच महाराष्ट्राचा राज्यपक्षी.

एप्रिल-मे म्हणजे बहावा, तामण, गुलमोहर, सोनमोहर. बहाव्याच्या घोसांवर मोठे काळे भुंगे सकाळीच येतात. पंख थरथरवून ते पराग झटकतात, आणि जवळ गेलं की त्या गुणगुणण्याचा सूर बदललेला ऐकू येतो. पिवळसर-पांढरी फुलपाखरं मात्र बहाव्याच्या फुलांपेक्षा कोवळ्या पानांभोवती जास्त घुटमळतात, कारण त्यांना तिथे अंडी घालायची असतात. बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस, असं म्हणतात. ते तपासणं वहीवाल्या माणसाला सहज शक्य आहे. पहिलं फूल दिसलं ती तारीख, एक तृतीयांशापेक्षा जास्त झाड पिवळं झालं ती तारीख, आणि तुमच्या गल्लीत पहिला खरा पाऊस पडला ती तारीख लिहून ठेवा. मुंबईत मोसमी पावसाची सर्वसाधारण तारीख ११ जून धरतात. एका वर्षाच्या, एका झाडाच्या नोंदीवरून मत बनवू नका. शेजारशेजारचे दोन बहावेही पंधरा दिवसांच्या फरकाने फुलतात. पाच वर्षांच्या तारखा जमल्या की बोलायला काहीतरी हाताशी असतं.

मेमध्येच एक दिवस झाडाखाली भर दुपारी उभं राहा. १५ मेच्या आसपास, १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमाराला सूर्य मुंबईच्या बरोबर डोक्यावर येतो. सरळ बुंध्याची सावली त्याच्या पायाशीच गोळा होते आणि झाडाची सावली नेमकी पानांच्या पसाऱ्याएवढी पडते. पसारा मोजायला याहून सोपा क्षण नाही: सावलीची पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर रुंदी पावलांनी मोजा, सरासरी काढा. हाच योग २८ जुलैच्या आसपास पुन्हा येतो, पण तेव्हा ढग बघू देत नाहीत.

कावळे याच दिवसांत काटक्यांची, आणि मुंबईत हमखास तारांचीही, घरटी बांधतात. घरट्याखाली उभं राहिलं की ते डोक्यावर झेप घेतात, तेव्हा छत्री उघडून लांबून बघा. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. जून-जुलैमध्ये कावळ्याकडून भरवून घेणारं, कावळ्यासारखं न दिसणारं पिल्लू झाडावर असेल तर ते कोकिळेचं.

पहिल्या पावसानंतरची संध्याकाळ चुकवू नका. बुंध्याजवळच्या मातीतून पंख फुटलेली वाळवी शेकड्यांनी वर येते, आणि कावळ्यापासून पालीपर्यंत सगळी त्या मेजवानीला जमतात. तास-दीड तासात खेळ खलास. पुढचे चार महिने फुलांपेक्षा साल वाचायची. शेवाळ कोणत्या बाजूला दाट, पाणी बुंध्यावरून कोणत्या रेषेने उतरतं, खाचेत बाशिंग नेचाची पालवी फुटली का, गोगलगायी किती उंच चढल्या. साल ओली असताना भिंग लावा. कोरड्या दिवसांत करडे दिसणारे डाग हिरवे झाले तर ते दगडफुलाच्या जातीचे आहेत. गर्दीच्या रस्त्यांवर ते विरळ असतात. वाहता रस्ता आणि आतली गल्ली इथल्या दोन झाडांची तुलना करून बघा.

पावसात काही नियम कडक पाळा. वारा सुटला असेल तर गुलमोहर आणि पर्जन्यवृक्षाखाली थांबू नका; गुलमोहराचं लाकूड ठिसूळ असतं आणि पर्जन्यवृक्षाच्या लांब आडव्या फांद्या पाण्याने जड होतात. त्या दिवशी नोंद खिडकीतून करा. विजेच्या खांबाला किंवा डीपीला लागून झाड असेल तर ओल्यात त्याला हात लावू नका. साचलेल्या पाण्यात उघड्या पायाने उतरू नका, लेप्टोस्पायरोसिसची भीती खरी आहे. बुंध्यावर उगवलेली अळंबी पाहायची, चित्र काढायचं, खायची नाही.

पाऊस साधारण ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघारी फिरतो. त्यानंतर डिसेंबरपर्यंत झाडावर फारसं काही घडत नाही असं वाटतं. खरं तर पाहुणे पक्षी तेव्हाच येतात. पानांआड पिवळाधमक हळद्या, रस्त्यावर शेपटी हलवणारा धोबी. ‘यंदा पहिल्यांदा’ असं लिहून तारखेखाली रेघ ओढा.

रात्रीची फेरी

महिन्यातून एकदा, आठ ते नऊच्या दरम्यान. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा; पांढऱ्या झोताने प्राणी बुजतात. पर्जन्यवृक्षाची पानं हात जोडल्यासारखी मिटलेली दिसतील. झाडाला ढोली असेल तर पिंगळ्याची, म्हणजे छोट्या घुबडाची, किचकिच ऐकू येईल. फळांच्या दिवसांत वटवाघळं घिरट्या घालतात. ती अंगावर येत नाहीत, फळ तोडून दुसऱ्या फांदीवर नेऊन खातात. आधी वॉचमनला सांगून ठेवा. अंधारात टॉर्च घेऊन झाडाकडे टक लावणारा माणूस शंकास्पद वाटतो हे एक, आणि रात्री झाडावर काय चालतं हे त्यांनाच सगळ्यांत जास्त माहीत असतं हे दुसरं.

झाड नसेल तर कढीपत्ता

बाराव्या मजल्यावर राहणाऱ्यांना किंवा ज्यांना खाली उतरणं शक्य नाही अशा आजी-आजोबांना कुंडीतलं रोपही वर्षभर पुरतं. फूटभर व्यासाच्या कुंडीत कढीपत्ता किंवा लिंबू लावा, दिवसाला चार तास ऊन मिळेल अशा जागी ठेवा. कॉमन मॉर्मन हे काळं, पांढऱ्या ठिपक्यांची रांग असलेलं फुलपाखरू त्यावर अंडी घालतं. कोवळ्या पानावर मोहरीएवढा फिका पिवळा मणी दिसला की तारीख टाका. अळी सुरुवातीला पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. पुसून टाकू नका. शेवटच्या टप्प्यात ती हिरवीगार होते, आणि डिवचली तर डोक्यामागून लाल दुशिंगी बाहेर काढून उग्र वास सोडते. अंड्यापासून फुलपाखरू व्हायला साधारण महिना लागतो. नर्सरीतून नवं रोप आणल्यावर अळ्या मरत असतील तर त्यावर औषध फवारलेलं असण्याची शक्यता मोठी. पानं धुवा, नवी पालवी येईपर्यंत थांबा. एक अळी मोठी होईपर्यंत बरीच पानं फस्त करते, तेव्हा फोडणीसाठी वेगळं रोप ठेवा.

झाड अडचणीत दिसलं तर

आठवड्याला बघणाऱ्याच्या नजरेला आजार सगळ्यांत आधी दिसतो. कोवळ्या फांद्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. मुंबईतले अनेक पर्जन्यवृक्ष त्याने वाळले आहेत. बुंध्याच्या तळाशी लाकडी टोपीसारखी कडक अळंबी आली तर आतून कुज सुरू झालेली असते. ऐन हंगामात एकाच बाजूची पानं वाळली तर त्या बाजूला जमिनीखाली काय खोदलं गेलं ते विचारा. केबल आणि नळासाठीच्या चरात मुळं तोडली जातात आणि परिणाम दिसायला काही महिने जातात. फांदीवर भलत्याच पानांचा झुपका दिसला तर ते बांडगूळ. आंब्यावर ते नेहमी असतं. त्याची फळं खाणारा ‘फुलटोच्या’ हा अंगठ्याएवढा पक्षी चिकट बिया फांदीवर पुसतो आणि नवं बांडगूळ रुजतं. एखाद-दुसरं असेल तर झाड सोसतं.

बुंध्याभोवती चारी बाजूंनी किमान एक मीटर उघडी माती हवी. सिमेंट बुंध्याला भिडलं की पाणी आणि हवा मुळांपर्यंत पोचत नाही आणि बुंधा जाड होताना साल चिरडते. पहारीने स्वतः फोडू नका, वरवरची मुळं दुखावतात. सोसायटीच्या आत असेल तर कमिटीला लेखी द्या, रस्त्यावर असेल तर पालिकेच्या वॉर्ड ऑफिसमधल्या उद्यान विभागाला. अर्जाला वहीतल्या तारखा आणि एकाच जागेवरून काढलेले फोटो जोडा. ‘झाड मरतंय’ यापेक्षा ‘मार्चमध्ये पूर्व बाजूला पालवी २, यंदा ०’ या ओळीला उत्तर द्यावं लागतं. बुंध्यावर मातीचा ढीगही रचू नका, साल कुजते. पडलेली पानं मात्र बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून पसरू द्या.

झाड तोडायला किंवा त्याच्या फांद्या छाटायला, खासगी आवारातही, पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. हा कायदा १९७५ चा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. पावसाळ्याआधीची छाटणी सुरू झाली की कामगारांना परवानगीपत्र दाखवायला नम्रपणे सांगा आणि कोणती फांदी का काढताहेत ते विचारा. फांदीत तांबटाचं बीळ किंवा वसतं घरटं असेल तर ते दाखवा, तारखेसकट. धोका नसलेली वाळकी फांदी ठेवा म्हणून आग्रह धरायला हरकत नाही. फांदी खरंच लोंबकळत असेल, तर मात्र घरटं पाहत बसू नका. पालिकेच्या १९१६ या क्रमांकावर कळवा आणि खालून माणसं हटवा.

दुसरं वर्ष

त्रेपन्नाव्या आठवड्यात नवी वही घेऊ नका. पहिल्या पानावर परत या आणि उजव्या, कोऱ्या बाजूला लिहायला लागा. डावीकडे मागच्या वर्षीचा तोच आठवडा समोर असतो. आधी उजवं पान पूर्ण लिहून काढा आणि मगच डावं वाचा. नाहीतर मागच्या वर्षी दिसलेली कळी यंदा नसतानाही दिसते. त्या आठवड्यात घेरही पुन्हा मोजायचा आहे, गेटच्या बाजूने, त्याच उंचीवर.